घर नव्हे, करारातले कलम

व्हिक्टोरिया राणीच्या काळातले स्कॉटलंड म्हटले की आपल्यासमोर बालमोरलचा राजवाडा, धुक्यातले डोंगर आणि चौकड्यांचे लोकरी कापड ठेवले जाते. राजघराण्याने 1852 साली बालमोरल विकत घेतले, हे खरेच. पण त्याच देशाच्या दक्षिणेला, इंग्लंडच्या सीमेलगतच्या बर्विकशायर, रॉक्सबर्गशायर भागात शेतावर राबणारे कुटुंब कसे राहत होते? आम्ही पेशाने वकील. त्या घरातली चूल दिसण्याआधी आम्हाला त्या घराचा करार दिसतो.

तिकडच्या सालगड्याला हाइंड म्हणत. आपल्याकडे साल पाडव्याला बदलते, तिकडे मे महिन्यात. मजुरीचा मोठा भाग मालात मिळे. ओट, जव, वाटाणे, बटाटे लावायला जमिनीचा तुकडा आणि एका गाईचा चारा. राहायला मालकाची झोपडी, बहुधा एकच खोली. पेटीसारखे बंदिस्त लाकडी पलंग मध्ये उभे करून तिचेच दोन भाग करायचे. 1861 च्या शिरगणतीत स्कॉटलंडमधली, शहरे धरून, सुमारे एक तृतीयांश घरे एकखोली निघाली होती.

या झोपडीचे भाडे घरातल्या बाईने सुगीत मालकाचे पीक कापून फेडायचे. एवढ्यावर भागत नसे. हाइंडने शेतकामाला आणखी एक बाई पुरवलीच पाहिजे, अशी करारातली अट. तिला बाँडेजर म्हणत. मुलगी किंवा बहीण असली तर ठीक. नसली तर परकी बाई सालाने ठेवायची, आपल्याच खोलीत झोपवायची, आपल्याच पातेल्यातले जेवू घालायची. मालक तिच्या कामाच्या दिवसांचेच पैसे देई. बर्फाने काम बंद पडले की पैसेही बंद, तिचे पोट आणि ठरलेला पगार मात्र हाइंडच्या डोक्यावर. सलगमची खुरपणी, खत पसरणे, मळणी ही कामे तिची आणि करार दोन पुरुषांमधला! पद्धतीच्या नावातच बंधन होते, तरी तिला रीत म्हणायचे.

मग सोडून का जात नसत, असे विचारणाऱ्यांनी कायदा पाहावा. मालकाने करार मोडला तर दिवाणी दावा, नोकराने मोडला तर तुरुंग! 1867 साली ही तरतूद सैल झाली आणि 1875 साली करारभंगाची फौजदारी शिक्षा साधारणपणे गेली. शिवाय काम सुटले की छप्पर सुटले. साल संपले की पलंग, भांडी, म्हातारी, पोरे सगळी गाडीवर. 1872 च्या कायद्याने 5 ते 13 वयाच्या मुलांचे शिक्षण सक्तीचे केले, पण दरसाल बिऱ्हाड हलणाऱ्या पोराने कुठल्या शाळेत बसायचे?

1860 च्या दशकात हाइंड संघटित होऊन बाँडेजच्या अटीविरुद्ध उठले, अट हळूहळू सुटत गेली. उत्तरेकडच्या लहान कुळांनी, क्रॉफ्टरांनी, 1882 साली स्काय बेटावर पोलिसांशी झुंज दिली आणि 1886 चा कायदा मिळवला. भाडे भरणाऱ्या कुळाला हुसकता येईना, वाजवी भाडे ठरवायला आयोग आला. तो कायदा उत्तरेच्या सात जिल्ह्यांपुरता आणि जमीन कसणाऱ्या कुळापुरता. हाइंडकडे जमीनच नव्हती.

1884 साली नोकरीच्या घरात राहणाऱ्या पुरुषालाही मताचा हक्क मिळाला. ज्या बाईच्या कापणीवर ते घर उभे होते, तिला पार्लमेंटच्या मतासाठी 1918 पर्यंत थांबावे लागले, आणि तेही वयाची 30 वर्षे भरल्यावर.