डार्सीचा बायोडेटा, लिझीचा नकार

वय २८. उंच, देखणा. डर्बीशायरमध्ये पेम्बर्ली नावाची आलिशान इस्टेट. उत्पन्न वर्षाला दहा हजार पौंड. असं स्थळ सांगून आलं, तर मुलीची आई लगेच पोहे भिजवायला घेईल!

हे प्रोफाइल जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधल्या (१८१३) मिस्टर डार्सीचं. त्यात १९९५च्या बीबीसी सीरियलमध्ये कॉलिन फर्थ ओल्या शर्टात समोर आला आणि विषयच संपला. (गंमत म्हणजे, तो सीन पुस्तकात नाहीच!)

आता हिरॉइन बघा. एलिझाबेथ ऊर्फ लिझी बेनेट, वय २०. पाच बहिणींतली दुसरी. डोळे बोलके, जीभ धारदार. बँक बॅलन्स? वाट्याला येणार हजार पौंड, तेही आईच्या माघारी. इस्टेट फक्त पुरुष वारसाला मिळणार, म्हणजे वडिलांनंतर राहतं घर जाणार नात्यातल्या मिस्टर कॉलिन्सकडे. तिच्या वर्गातल्या मुलीने नोकरी करायची, तर गव्हर्नेस होऊन दुसऱ्यांची मुलं शिकवायची. थोडक्यात काय, लग्न हेच करिअर आणि तीच पेन्शन.

आणि ही पोरगी चक्क दोन स्थळं नाकारते! आधी कॉलिन्सला. म्हणजे घर वाचवायचा चान्स गेला. (तिची २७ वर्षांची मैत्रीण शार्लट त्याच कॉलिन्सला हो म्हणते. तिचा हिशेब बघता तिलाही नावं ठेवता येत नाहीत.) मग डार्सीला. कारण प्रपोज करता करता हा पठ्ठ्या तिच्या घरच्यांची लायकीही काढतो.

डार्सी हिरो होतो तो यानंतर. तो तिच्या मागे लागत नाही, तिची बदनामी करत नाही. एका लांबलचक पत्रात आपली बाजू मांडतो आणि निघून जातो. ते वाचून लिझीही आपले ग्रह तपासून बघते. पुढे तिची धाकटी बहीण लिडिया विकहॅम नावाच्या लफंग्याबरोबर पळून जाते, तेव्हा डार्सी त्याचं कर्ज फेडून दोघांचं लग्न लावून देतो. तेही लिझीला कळू न देता.

नकाराची किंमत लेखिकेला पक्की ठाऊक होती. डिसेंबर १८०२मध्ये जेनने हॅरिस बिग-विदर या इस्टेटीच्या वारसाला होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागे घेतला. ती शेवटपर्यंत अविवाहित राहिली. या कादंबरीचे हक्क तिने विकले ११० पौंडांना. डार्सीच्या वर्षभराच्या उत्पन्नाशी ताडून बघा!

तेव्हा 'मला डार्सीच हवा' म्हणणाऱ्या मैत्रिणींनो, पॅकेज नंतर विचारा. एखाद्या गोष्टीला 'नाही' म्हणा आणि साहेब कसे वागतात ते बघा. आणि मित्रांनो, पेम्बर्ली आपल्या बजेटमध्ये नाही. पण 'नाही' नीट ऐकून घ्यायला कुठे पैसे पडतात?