तास घटले, ओझे तेच

१/५ व्यवस्थापनाने चालकांना कामाचे तास घटवण्यास बजावले, तर ती सुधारणा मानावी काय? गिरण्यांचा इतिहास सांगतो : आधी ओझे मोजावे.

२/५ १९२२च्या कारखाना कायद्याने प्रौढ कामगारांचा आठवडा ६० तासांवर आणला. मुंबईप्रमाणे सोलापूरच्या गिरण्यांनाही तो लागू झाला. ही मोठीच कमाई होती.

३/५ परंतु तास न वाढवताही काम वाढवता येते. मुंबईत एका विणकराकडे दोनऐवजी तीन माग सोपवण्याचा घाट घातला गेला. १९२८चा सहा महिन्यांचा संप पेटला, त्यामागे हे एक प्रमुख कारण होते.

४/५ १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने मर्यादा घातली होती : दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. मात्र चिंचोळी एमआयडीसी ते पुणे हे अंतर कोणत्याही कायद्याने घटत नाही. खेपा तेवढ्याच ठेवून तास कापले, तर चालकाच्या वाट्याला उरतो जीवघेणा वेग, बुडालेली विश्रांती आणि नोंदीबाहेरचे श्रम.

५/५ म्हणून खेपा न घटवता तास घटवणे ही सुधारणा नव्हे. मालकाची जबाबदारी चालकाच्या माथी मारणे होय. गिरणीचा भोंगा साऱ्या गावाला ऐकू जाई. चालकाच्या श्रमाला साक्ष केवळ नोंदवहीची. तीच खोटी ठरली, तर कायदा कोणाच्या कामाचा?