डिसेंबरात मोटारीने विदर्भाकडे
नाताळच्या सुट्टीत मुंबईहून विदर्भातल्या घरी मोटारीने जाणाऱ्यांचा मुख्य रस्ता आता समृद्धी महामार्ग आहे. 701 किलोमीटरचा आणि दहा जिल्ह्यांतून जाणारा हा मार्ग डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला, जून 2025 मध्ये पूर्ण झाला. इगतपुरीचा जवळपास 8 किलोमीटरचा बोगदा ओलांडला की कसाऱ्याची चढण मागे पडते आणि पुढे पठारावरचे सरळसोट काँक्रीट लागते. धोका या सरळपणातच आहे. वळण नाही, सिग्नल नाही, तासन्‌तास एकच वेग. चालकाचे डोळे उघडे असतात, पण लक्ष कधी सुटले ते त्याला कळत नाही. दर दोन तासांनी थांबून पाय मोकळे करायलाच हवेत. टायरची हवा प्रवासाला निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच तपासावी. हवा कमी असेल तर टायर दबून तापतो आणि भर वेगात फुटू शकतो. पहाटेचा प्रवास वेगळाच असतो. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते, ओढ्यानाल्यांच्या खोलगट भागात धुके साचते. तिथे अप्पर दिवा लावला की प्रकाश उलट डोळ्यांवर येतो, म्हणून डिप्परच बरा. काचेवर आतून वाफ धरली तर थंडीतही एसी लावावा, तो हवेतली ओल काढून घेतो. उजाडल्यावर दुतर्फा शेंगांनी लगडलेली तूर आणि वेचणीला आलेला कापूस दिसू लागतो. हे दृश्य हिवाळ्याखेरीज मिळत नाही. महामार्ग सोडून गावाच्या रस्त्याला लागताच वेग आवरावा, कारण तिथे कापसाने शिगोशीग भरलेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधारात चालत असतात.