कडगंचीचा घाटी

दत्तजयंती जवळ आली की आमच्या वाड्यावर गुरुचरित्राचे सप्ताह बसतात. सोवळं, एकभुक्त, चटईवर झोपणं, सगळं यथासांग. माझी त्याला हरकत नाही, आमच्याही घरी पोथी आहे. हरकत आहे ती पोथी मिटून, आरती झाल्यावर, प्रसादाचा द्रोण हातात घेऊन जे बोललं जातं त्याला. "मागची खोली रिकामी आहे हो, पण घाट्यांना द्यायची नाही!"

मंडळी, ही पोथी लिहिली कोणी?

सरस्वती गंगाधरांनी. घराणं कडगंचीचं. कडगंची म्हणजे कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात, आळंद तालुक्यात. गाणगापूरला जाणारे आपले बरेच लोक वाट वाकडी करून तिथल्या दत्तमंदिरात जातात. त्यांची मातृभाषा कन्नड. मराठी ही त्यांनी आपलीशी केलेली भाषा. विश्वास नसेल तर ४१वा अध्याय उघडा. त्यात चक्क कन्नड पदं आहेत! सात दिवसांच्या पारायणात आपण ती भक्तिभावाने, एक अक्षर न कळता वाचतो, आणि आठव्या दिवशी नळावर कन्नड ऐकू आलं की कपाळाला आठ्या.

त्यांचे पूर्वज सायंदेव हे तर आमच्या जातकुळीचे, म्हणजे सरकारी नोकर. यवन अंमलदाराच्या पदरी चाकरी आणि वरिष्ठाने जीव घ्यायला बोलावलेलं, ही १४व्या अध्यायाची कथा. बदलीची ऑर्डर निघणार अशी कुजबुज सुरू झाली की आमच्या कचेरीत निम्म्या ड्रॉवरांतून हाच अध्याय बाहेर येतो. असो.

म्हणजे संकटात आपल्याला कडगंचीकर लागतो. फक्त भाडेकरू म्हणून चालत नाही.

आता तुम्ही म्हणाल, खोली कोणाला द्यावी हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न. तसा नाही. परक्या गावात माणूस राहायला येतो तेव्हा त्याला आधी कागद लागतो. आमच्या काउंटरवर रोज येणारं चित्र असं : कलबुर्गी-विजापूरकडचा गवंडी, दहा वर्षं एकाच घरमालकाकडे राहिलेला, दर महिन्याला रोख भाडं मोजलेला, आणि हातात पावती शून्य. करार नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही. पुरावा नाही म्हणून बँकेत, गॅसच्या दुकानात, पोराच्या शाळेत प्रत्येक ठिकाणी हात जोडणं. गोव्यात सरकारी नोकरीला १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. पहिल्या वर्षाचाच कागद नाही तर १५ मोजायची कुठून? या माणसाचं पोर इथंच जन्मलं, इथंच शिकलं, तरी कागदावर ते कालच आलंय.

घरमालकाला विचारा, पावती का देत नाही? उत्तर ठरलेलं : "उद्या मुंडकार होऊन बसेल!" अहो, १९७५ चा मुंडकार कायदा एकदा वाचा तरी. घराचं भाडं भरणारा माणूस त्या कायद्याने मुंडकार ठरतच नाही. म्हणजे भाड्याची पावती हीच तुमची ढाल, आणि तीच तुम्ही भीतीपोटी देत नाही! (की भाड्याचं उत्पन्न दाखवायचं नसतं? तो विषय पुन्हा कधीतरी.)

रेशनचंही तेच. जानेवारी २०२० पासून १२ राज्यांत एकमेकांचं रेशनकार्ड चालू लागलं, त्यात गोवा आणि कर्नाटक दोन्ही होते. तरी "तुमच्या गावाला जाऊन घ्या" असं सांगणारे महाभाग मी ऐकले आहेत.

उलट बाजू सांगतो. कडगंचीला २००९ साली स्थापन झालेलं कर्नाटकाचं केंद्रीय विद्यापीठ आहे. माझ्या एका सहकाऱ्याचा मुलगा तिथं शिकायला होता. शीत-कडीवर वाढलेला पोर, त्याच्यापुढे ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी! पहिले दोन महिने घरी फोनवर नुसतं मासळीचं रडगाणं. बसच्या पाट्या कन्नडमध्ये, उन्हाळा तापलेल्या तव्यासारखा. पण तो मुलूख सोलापूर-अक्कलकोटला लागून. दुकानदार त्याच्याशी मोडक्या मराठीत बोलायचा, मराठी अडलं की दखनीत. "तू इथं का आलास?" असं त्याला कोणी विचारलं नाही. विचारलं ते "गोव्यात आमची माणसं आहेत, ओळखतोस का?" काय सांगणार बिचारा!

आणि आपण कधी परके नव्हतो का? सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा रातोरात नदीपार अंत्रुज महालात गेली. तो महाल तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होता. आपले देवसुद्धा विजापूरकरांच्या हद्दीत आश्रयाला राहिले आहेत! कितीतरी घराणी कारवार, मंगळूरकडे कन्नड मुलखात गेली आणि तिथंच रुजली. पुढे मुंबईत गिरगावच्या चाळींत दाटीवाटीने राहिलेल्या गोवेकरांनी १९१९ साली गोवा हिंदू असोसिएशन उभी केली, कारण परक्या शहरात आपल्या माणसाला आधार लागतो हे त्यांना ठाऊक होतं. बायणा-झुआरीनगरातल्या कन्नड माणसांनी आपला संघ काढला की मात्र ती "व्होटबँक".

गोव्याची जमीन जातेय ही भीती खोटी नाही, मलाही ती आहे. पण डोंगर कापून व्हिला बांधणारा दिल्लीवाला 'सर' आणि त्या व्हिलाच्या विटा वाहणारा 'घाटी', हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवला?

शाळेवरून आठवलं. २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान देण्यावरून रान उठलं तेव्हा मराठीसाठी आपण सगळे घोषणा देत होतो. आज किती गावांतल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांत या गवंड्यांची, हमालांची पोरं बसली आहेत ते बघून या. घरी कन्नड, बाजारात कोंकणी, वर्गात मराठी. घोषणा देणाऱ्यांची नातवंडं कॉन्व्हेंटच्या बसमध्ये. ही पोरं उद्या गाव सोडून गेली, कारण बापाला खोली मिळाली नाही, तर त्या शाळेला कुलूप लागेल आणि मराठीच्या नावाने आपण पुन्हा एक परिषद भरवू.

यंदाच्या सप्ताहात ४१वा अध्याय आला की त्या मागच्या खोलीतल्या, नाहीतर नळावरच्या एखाद्या माणसाला आत बोलवा. ती कन्नड पदं तो अर्थासकट वाचून दाखवेल. आणि जाताना भाड्याची पावती द्या, तारीख घालून.