विश्लेषण : धक्क्यानंतरचा मेसेज पोहोचतो कसा? सर्व्हरवर ‘एरलँग’ बसवणे म्हणजे नेमके काय?

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर २०१८पासून भूकंपाच्या धक्क्यांचे सत्र सुरू झाले आणि धुंदलवाडीचे नाव राज्यभर पोहोचले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. जमीन हलली की पहिल्या मिनिटाला गावागावांतल्या मोबाइलवर एकच प्रश्न फिरतो : ‘तुमच्याकडे जाणवला का?’ फोन लागो न लागो, व्हॉट्सॲपचा मेसेज बहुधा जातो. दुसरीकडे, दाखला काढायला सेतू केंद्रात गेलेल्या माणसाला ‘सर्व्हर डाऊन’ हे उत्तर पाठ झालेले असते. दोन्हीकडे सर्व्हरच आहेत. मग फरक कुठे पडतो?

एरलँग काय आहे?

फरकाची कारणे अनेक आहेत. त्यातले एक म्हणजे सर्व्हरवर कोणती भाषा बसवली आहे. व्हॉट्सॲपचा सर्व्हर ‘एरलँग’ या फंक्शनल प्रोग्रामिंग भाषेवर उभा राहिला. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९८६च्या सुमारास जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी ती टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडवली. एक कॉल तुटला म्हणून सगळे एक्स्चेंज बंद पडता कामा नये, ही तिची मूळ गरज. १९९८मध्ये ती सर्वांसाठी मोफत खुली झाली. व्हॉट्सॲपने ती फ्रीबीएसडी या सर्व्हर ऑपरेटिंग सिस्टीमवर चालवली आणि २०१२च्या सुरुवातीला एकाच सर्व्हरवर एका वेळी २० लाखांहून अधिक फोन जोडून दाखवले. २०१४मध्ये फेसबुकने कंपनी विकत घेतली तेव्हा सुमारे ४५ कोटी वापरकर्त्यांमागे अभियंते होते अवघे ३२.

‘फंक्शनल’ म्हणजे?

दुकानातला भावफलक आणि रोजमेळ यांत जो फरक, तोच येथे आहे. फलकावरचा भाव पुसून नवा लिहितात. दोघांनी एकाच वेळी खडू हाती घेतला तर गोंधळ ठरलेला. रोजमेळात जुनी नोंद खोडत नाहीत, खाली नवी करतात. फंक्शनल भाषेत एकदा ठरलेली किंमत बदलत नाही, बदल हवा तर नवी किंमत तयार होते. त्यामुळे लाखो कामे एकाच वेळी चालली तरी एकमेकांच्या पायात येत नाहीत. एरलँगमध्ये प्रत्येक जोडणीसाठी वेगळी, अगदी हलकी ‘प्रोसेस’ असते. तिच्यावर ‘सुपरवायझर’ लक्ष ठेवतो. चिकूच्या वाडीत एक तोडणारा आजारी पडला तर मुकादम दुसरा माणूस लावतो, वाडी बंद करत नाही, तसेच हे.

बसवायची कशी?

समजा, तालुक्याच्या ठिकाणी कुणी आपली संदेशसेवा उभारायची ठरवली. सरकारी इशारा द्यायला तिची गरज नाही. त्यासाठी सेल ब्रॉडकास्ट आहे, ज्याच्या चाचणीत २०२३मध्ये देशभर फोन मोठ्याने वाजले होते. गरज आहे उलट बाजूची : कोणत्या पाड्यावर भिंत पडली, कुठे तंबू हवेत, हे पाड्यांवरून वर कळवण्याची. (भूकंप अमुक वाजता होणार असे कोणताच सर्व्हर सांगत नाही. तसा मेसेज आला तर ती अफवाच.)

अशा सर्व्हरवर सहसा उबुंटू किंवा डेबियन ही लिनक्सची रूपे असतात. एरलँग तेथे तीन वाटांनी येते. पहिली सर्वांत सोपी. उबुंटूच्या ‘एपीटी’ या साधनाला एका ओळीची आज्ञा दिली की झाले. पण उबुंटू आपल्या भांडारात आवृत्ती गोठवून ठेवते. २२.०४मध्ये एरलँगची २४वी, तर २४.०४मध्ये २५वी आवृत्ती मिळते. संदेशांची रांग सांभाळणारे ‘रॅबिटएमक्यू’ हे लोकप्रिय सॉफ्टवेअर एरलँगवरच चालते; त्याच्या ४.० आवृत्तीला किमान २६.२ लागते. म्हणजे २४.०४च्या सर्व्हरवरही सोपी वाट अपुरी पडते. म्हणून दुसरी वाट : सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचे स्वतःचे भांडार जोडणे. रॅबिटएमक्यूचा चमू असे भांडार चालवतो. तिसरी वाट मूळ कोड आणून सर्व्हरवरच बांधण्याची. त्यासाठी सी कम्पायलर, ओपनएसएसएल असे साहित्य आधी लागते. हवी ती आवृत्ती मिळते, पण पुढची प्रत्येक दुरुस्ती स्वतःच्या हाताने करावी लागते.

ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटते. ती तशी नाही. एप्रिल २०२५मध्ये एरलँगच्या एसएसएच भागात त्रुटी उघड झाली. जर्मनीतील बोखुम येथील रुर विद्यापीठाच्या संशोधकांनी ती शोधली आणि तिला धोक्याच्या मोजपट्टीवर १०पैकी १० गुण मिळाले. ज्या यंत्रणेत हा भाग चालू आणि बाहेरून पोहोचण्याजोगा होता, तेथे पासवर्ड न देताच कुणीही दूरवरून आज्ञा चालवू शकत होते. दुरुस्ती लगेच निघाली; उबुंटूनेही आपल्या आवृत्त्यांसाठी ती दिली. पहिल्या वाटेने गेलेल्यांना नेहमीचे अपडेट चालवणे पुरेसे होते. तिसऱ्या वाटेने गेलेल्यांना बातमी कळायला हवी होती, आणि मूळ बसवणारा माणूस अजून नोकरीत असायला हवा होता. लहान कार्यालयासाठी म्हणूनच पहिली किंवा दुसरी वाट बरी, मग त्यात नवी सोय थोडी उशिरा मिळाली तरी चालेल.

आणखी एक दार असते. एरलँगचे अनेक सर्व्हर एकमेकांना शोधतात ते ४३६९ क्रमांकाच्या पोर्टवर, आणि ओळखतात ‘कुकी’ नावाच्या सामायिक गुप्त शब्दाने. हा पोर्ट इंटरनेटला उघडा ठेवला तर फायरवॉल असून नसल्यासारखी.

मग ‘सर्व्हर डाऊन’ थांबेल?

भाषेने सगळे सुटत नाही. ४ ऑक्टोबर २०२१च्या रात्री व्हॉट्सॲपही सुमारे सहा तास जगभर बंद होते. एरलँग तशीच होती. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेने फेसबुकचे जाळेच इंटरनेटवरून दिसेनासे झाले. डोंगराकडच्या पाड्यावर वीज गेली आणि टॉवरची बॅटरी संपली, तर सर्व्हर कितीही चांगला असो, मेसेज जात नाही.

ऑपरेटिंग सिस्टीमचीही मुदत असते, आणि घोडे अनेकदा तेथे अडते. सरकारी-खासगी कामांत वर्षानुवर्षे वापरलेल्या सेंटओएस ७ची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. त्यानंतर तिला नेहमीच्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत. उबुंटू २४.०४ची सर्वसाधारण मुदत २०२९पर्यंत आहे. २०२४मध्ये बसवलेल्या सर्व्हरचा देखभाल करार तीन वर्षांचा असेल, तर उरलेली दोन वर्षे एरलँग आणि उबुंटूचे अपडेट कोण चालवणार, हे निविदेतच लिहून घ्यावे लागेल.