इंग्रजी हवी, पण कशी?

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि भिंतीपाशी थांबून हे वाचणाऱ्या पालकांनो,

येत्या जूनपासून आपल्या शाळेचा पहिलीचा वर्ग सेमी-इंग्रजी करायचा की नाही, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ठरणार आहे. सेमी म्हणजे गणित इंग्रजीतून, पुढे विज्ञानही इंग्रजीतून, आणि बाकीचे विषय मराठीतून. या गोष्टीवर पारावर, पिठाच्या गिरणीत, डेअरीवर दूध घालताना, जिकडे तिकडे बोलणे चालू आहे. फक्त ज्यांना शिकायचे आहे त्यांना कोणी विचारले नाही. म्हणून लहान तोंडी मोठा घास घेतो. मी सातवीत आहे. या निर्णयाने माझे काही बिघडणार नाही की सुधारणार नाही. पण माझी धाकटी बहीण यंदा पहिलीत बसणार आहे, आणि तिच्यासारखी गल्लीतली आणखी पोरे आहेत.

माझे मत आधीच सांगून टाकतो. इंग्रजी शिकलीच पाहिजे, आणि धड शिकली पाहिजे. पण पहिलीच्या पोराला गणित इंग्रजीतून शिकवू नये.

आधी पालकांची बाजू मांडतो, कारण ती खोटी नाही. रोज सकाळी तालुक्याच्या इंग्रजी शाळेची गाडी फाट्यावर येते आणि आपल्या गावची पोरे घेऊन जाते. आपल्या शाळेचा पट कमी होतो. औषधाच्या बाटलीवर इंग्रजी, फवारणीच्या डब्यावर इंग्रजी, हायकोर्टाचा निकाल इंग्रजीत. आमच्या शेजारचे काका म्हणतात, "साहेबांची पोरं इंग्रजीत शिकणार, आणि मराठीचा अभिमान तेवढा आम्ही धरायचा व्हय?" या प्रश्नाला उत्तर द्यावेच लागेल. मराठीचा नुसता जयजयकार करून ते मिळणार नाही.

शिवाय इंग्रजी ही काही आपल्या वैऱ्याची भाषा नव्हे. सावित्रीबाई फुले यांचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ साली निघाला. त्यात इंग्रजी शिकायला सांगणारी कविता आहे. ज्यांना शेकडो वर्षे पाटीला हात लावू दिला नाही, त्यांना इंग्रजीने एक दार उघडून दिले, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकून मोठमोठे ग्रंथ इंग्रजीत लिहिले. पण त्यांनीच १९२० साली 'मूकनायक' आणि १९२७ साली 'बहिष्कृत भारत' ही पत्रे मराठीत काढली. जगाशी बोलायला इंग्रजी आणि आपल्या माणसांना जागे करायला मराठी, अशा दोन्ही भाषा त्यांच्या हाताशी होत्या. आपल्यालाही दोन्ही पाहिजेत.

मग माझे भांडण कशाशी आहे? एखादी भाषा शिकणे वेगळे, आणि त्या भाषेतून दुसरे काही शिकणे वेगळे. पोहायला शिकावे, त्यात दुमत नाही. पण ज्याला अजून पोहता येत नाही, त्याला विहिरीत उभा करून पाढे म्हणायला लावले तर काय होईल? ना पोहणे येईल, ना पाढे येतील. इंग्रजी हा विषय महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीलाच सुरू झाला आहे. त्याआधी तो पाचवीपासून असे. तुमच्यापैकी पुष्कळ पालकांची आणि एबीसीडीची गाठ पाचवीतच पडली असेल. तेव्हा पहिलीला इंग्रजी असावी की नसावी, हा वाद आता उरलेला नाही. वाद एवढाच, की बेरीज-वजाबाकी कोणत्या भाषेत समजावून सांगायची.

आता घरातलेच उदाहरण घ्या. आमची आजी शाळेत गेली नाही, पण आठवडी बाजारात भाजी विकते. पाव किलो, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असा तिचा हिशेब तोंडावर असतो. चाळीस रुपये किलोची वांगी सव्वा किलो घेतली तर पन्नास रुपये, हे सांगायला तिला कागद लागत नाही. 'अडीच' या एका शब्दात आपण जे सांगतो, त्याला इंग्रजीत तीन-चार शब्द जोडावे लागतात. पूर्वीच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. म्हणजे अपूर्णांक हा आपल्या घराघरात बोलला जाणारा विषय आहे. संध्याकाळी चुलीपुढे बसून आजी माझ्या बहिणीचे गणित तपासू शकते. उद्या तेच पुस्तक इंग्रजीत आले की आजी गप्प, आई गप्प, आणि शिकवणीला पैसे मोजायची पाळी. घर ही पोराची दुसरी शाळा असते. तिला आपण आपल्याच हाताने कुलूप का लावायचे?

दुसरी गोष्ट प्रश्नाची. वर्गात ज्याला समजले नाही तो हात वर करून विचारतो, "गुरुजी, हातचा एक कुठून आला?" हे विचारायला शब्द लागतात. ते शब्द ज्याच्याजवळ नाहीत, तो मान डोलावतो आणि पाठ करतो. पाठ केलेले परीक्षेपर्यंत टिकते. समजलेले मात्र बाजारातसुद्धा कामाला येते.

यावर कोणी म्हणेल, "पुस्तकातली मराठी तरी कुठे सोपी आहे?" खरे आहे. लसावि आणि मसावि आमच्या घरी कोणी बोलत नाही. 'प्रकाशसंश्लेषण' म्हणताना जीभ अडखळते. आकड्यांचेही तसेच. आपण लिहितो ६२, आधी सहा आणि मग दोन, पण म्हणतो 'बासष्ट', म्हणजे दोन आधी. इंग्रजीत लिहिण्याचा आणि म्हणण्याचा क्रम एकच असतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'साठ दोन' अशी वाचायची रीत दिली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गहजब झाला होता! पण त्या पुस्तकामागे विचार होता. पोरांना जोडाक्षरांचे आणि उलट क्रमाचे आकडे जड जातात, हे लक्षात घेऊनच ती रीत आणली होती. मात्र यातून निघते ते एवढेच, की मराठीतले शिकवणे आणखी सोपे करायला पाहिजे. अवघड शब्द मूठभर असतात. त्यांच्याभोवतीचे समजावणे, उदाहरण देणे, चूक दाखवणे हे सगळे कोणत्या भाषेत होते, त्यावर शिकणे ठरते.

हा प्रश्न आपल्याच गावाला पडला आहे असे नाही. गुरुजींनी आम्हाला तीन ठिकाणांची माहिती सांगितली.

मलेशियात पंतप्रधान महाथिर मोहम्मद यांच्या काळात, २००३ साली, सरकारी शाळांत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून सुरू केले. आपल्या सेमीसारखेच झाले म्हणा ना. शहरातली पोरे तरली, पण खेड्यातली मागे पडू लागली, आणि पुष्कळ शिक्षकांनाच इंग्रजीतून नीट शिकवता येईना. २००९ साली तिथल्या सरकारने हे बंद करायचे जाहीर केले आणि २०१२ पासून हे विषय टप्प्याटप्प्याने पुन्हा मलय भाषेत आणले.

आफ्रिकेतल्या रवांडाने २००८ साली शाळांत फ्रेंच सोडून इंग्रजी आणायचे ठरवले. फ्रेंचमध्ये शिकलेल्या शिक्षकांपुढे एकदम इंग्रजी पुस्तके आली. २०११ साली पहिल्या तीन इयत्ता परत त्यांच्या किन्यारवांडा भाषेत गेल्या, आणि २०१९ साली पुन्हा पहिलीपासून इंग्रजीचा निर्णय झाला. अकरा वर्षांत तीन निर्णय! सरकारला निर्णय फिरवता येतो, पण पोराचे पहिलीचे वर्ष परत मिळत नाही.

तिसरे आपल्या देशातले आंध्र प्रदेश. तिथल्या सरकारने २०१९ साली सरकारी शाळा इंग्रजी माध्यमाच्या करायचे ठरवले. एप्रिल २०२० मध्ये हायकोर्टाने तो आदेश रद्द केला. मग सरकारने पालकांना विचारले, तर बहुतेकांनी इंग्रजीच मागितली, असे सरकारने सांगितले. म्हणजे पालकांची ओढ खरी आहे, तिला हसण्यात अर्थ नाही. पण तिथली एक गोष्ट मला फार आवडली. त्यांनी पुस्तके अशी काढली, की एका पानावर इंग्रजी आणि समोरच्या पानावर तोच धडा तेलुगूत. पोराची आई समोरचे पान वाचू शकते.

जाणत्या लोकांचे म्हणणेही याच बाजूचे आहे. युनेस्कोने १९५३ सालीच सांगितले, की लहान मुलाला शिकवायला मातृभाषा सर्वांत चांगली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शक्य तोवर मातृभाषेतून शिकवावे असे लिहिले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात निदान पाचवीपर्यंत, जमल्यास आठवीपर्यंत, घरची भाषा असावी असे आहे. मात्र २०१४ साली सुप्रीम कोर्टाने सांगितले, की सरकार खाजगी शाळांवर मातृभाषेची सक्ती करू शकत नाही. त्यामुळे पैसेवाल्याला निवड आहे आणि गरिबाला जिल्हा परिषदेची शाळा. म्हणूनच आपल्या शाळेत इंग्रजी पहिल्या प्रतीची शिकवली गेली पाहिजे. नुसती पाटी बदलून ती येत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

तेव्हा सभेला जाणाऱ्या पालकांपुढे मी चार गोष्टी ठेवतो.

एक, गणित पाचवीपर्यंत मराठीतूनच राहू द्या. पाचवीपासून प्रत्येक पारिभाषिक शब्दाची इंग्रजी जोडी फळ्यावर लिहावी. अंश म्हणजे न्यूमरेटर, छेद म्हणजे डिनॉमिनेटर. म्हणजे पुढे हायस्कूलला आणि कॉलेजात पोरगं बुजणार नाही.

दोन, इंग्रजीचा तास रोज व्हावा, आणि त्यात निम्मा वेळ बोलण्याचा असावा. आम्ही सात वर्षे इंग्रजी लिहितो, पण पाहुण्याने नाव विचारले तर खाली बघतो.

तीन, ज्या शिक्षकांकडे इंग्रजीचा तास आहे त्यांना बोलण्याचे चांगले प्रशिक्षण मिळावे, म्हणून समितीने ठराव करून वर पाठवावा.

चार, ग्रामपंचायतीने शाळेला इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या दहा-बारा प्रती आणि सोपी गोष्टींची पुस्तके द्यावीत. कमानीच्या खर्चात हे सहज बसेल.

पालकांनो, शेजारच्या गावाने केले म्हणून आपण करायचे, असे करू नका. सभेत साहेबांना दोनच प्रश्न विचारा. पहिलीला गणित इंग्रजीतून कोण शिकवणार, आणि पोराला समजले नाही तर ते कोणत्या भाषेत विचारणार? या दोन्हींची उत्तरे पटली तर खुशाल हात वर करा. पटली नाहीत तर हात खाली ठेवा, आणि वर दिलेल्या चार गोष्टी मात्र मागितल्याशिवाय उठू नका.

— एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी