सनई शाळेत आणा, पण सगळ्यांसाठी



आपल्याकडे शुभकार्य आहे आणि सनई नाही, असं सहसा होत नाही. आता ती मोबाईलवरून स्पीकरला जोडून लावतात, पण लावतात. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात सनई-चौघड्याचं चित्र असतंच. तरीही "मी मोठेपणी सनई वाजवणार" असं म्हणणारं लेकरू मला वर्गात अजून भेटलेलं नाही. आमच्या खापरखेड्यात वीज केंद्र आणि आजूबाजूच्या कोळसा खाणींमुळे नाना ठिकाणचे लोक राहतात. त्यांची मुलं कीबोर्डला जातात, गिटारला जातात, तबल्याच्या परीक्षा देतात. सनईचं नाव कुणी काढत नाही.

माझं मत असं आहे की सनई प्राथमिक शाळेत शिकवायला सुरुवात झाली पाहिजे. आणि ती शिकवायची तर वर्गातल्या सगळ्या मुलांना. "ज्याच्या घरात आहे त्याला" असं नको.

आधी वाद्याबद्दल थोडं. बासरीत आपण भोकावर फुंकर घालतो. सनईचं तसं नाही. तिच्या तोंडाशी दोन पातळ पात्यांची पत्ती असते. ती ओली करून ओठांत धरायची आणि फुंकायचं, की दोन्ही पाती एकमेकांवर थरथरतात आणि आवाज होतो. खालचं लाकूड आणि त्यावरची भोकं हे नंतरचं काम. पेटीची किंवा कीबोर्डची पट्टी दाबली की सूर आयता बरोबर येतो. सनईत ओठ जरा सैल पडले तरी सूर घसरतो, म्हणून वाजवणाऱ्याला सतत स्वतःचं ऐकावं लागतं. आपली मुलं वाचताना स्वतःचं ऐकत नाहीत ही आपली रोजची तक्रार आहे. मला हे वाद्य वर्गात हवंय त्याचं एक कारण हेच.

हे कुटुंब जगभर पसरलेलं आहे. आपल्या सोलापूरला सुंद्री आहे, सनईची जणू धाकटी बहीण. तिथल्या जाधव घराण्याने ती जपली, सिद्राम जाधव यांनी तिला नाव मिळवून दिलं. आणि दूर आर्मेनियात दुदुक आहे. जर्दाळूच्या लाकडाचा हा पावा, वर चांगली रुंद, लांब पत्ती. आवाज सनईसारखा टिपेचा नाही, खालचा आणि मऊ, कुणी गळ्यातल्या गळ्यात गातंय असा. ‘ग्लॅडिएटर’ सिनेमा पाहिलेल्यांनी तो ऐकलेला आहे, जीवान गास्पारियान यांनी त्यात वाजवलाय. दुदुक बहुधा जोडीने वाजवतात. एक जण चाल वाजवतो, दुसरा एकच सूर न तोडता धरून बसतो. त्या धरलेल्या सुराला तिकडे ‘दम’ म्हणतात! फारसीतला श्वास या अर्थाचा हा शब्द तिकडेही गेला आणि आपल्याकडेही आला. आपण "जरा दम धर" म्हणतो तोच हा दम. आपल्या सनईवाल्यांतही असंच असतं. एक जण वाजवतो, दुसरा नुसता सूर देतो, आणि नवशिका आधी त्या सुरावर बसतो.

मला यात शिकवण्याची फार चांगली पद्धत दिसते. पहिल्या दिवसापासून नवखं पोर मोठ्यांच्या शेजारी बसून खऱ्या वादनात भाग घेतं. त्याला काही येत नाही तरी त्याच्यावाचून अडतं. आपल्या स्नेहसंमेलनात ज्याला येतं तो पुढे आणि बाकीचे टाळ्या वाजवायला, त्यापेक्षा हे किती बरं!

हे वाजवणारे मध्येच थांबून श्वास घेत नाहीत. गालात हवा साठवतात, गालांनी ती बाहेर ढकलतानाच नाकाने आत श्वास घेतात. सराव करायला एक ग्लास पाणी आणि एक नळी पुरते. बुडबुडे तुटू द्यायचे नाहीत, बस. चौथीच्या वर्गात हे करून बघा. पंधरा मिनिटं वर्ग असा शांत बसतो की मुख्याध्यापक डोकावून जातील. लगेच कुणाला जमत नाही, पण श्वास म्हणजे काय हे परिसर अभ्यासच्या चित्रापेक्षा इथे जास्त कळतं. कागदी स्ट्रॉचं टोक चपटं करून दोन्ही बाजूंनी तिरकं कापलं की पत्ती तयार होते. मग नळी थोडी थोडी कापत गेलं की आवाज चढत जातो. स्ट्रॉ भिजून मऊ पडते तेवढं सोडलं तर खर्च काही नाही. आंब्याची उगवलेली कोय दगडावर घासून पिपाणी करायचे, ते आठवतं ना? तिच्यातही दोन डाळींच्या फटीतूनच आवाज निघतो. म्हणजे आपल्या मागच्या पिढ्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सनईचा पहिला धडा गिरवतच होत्या. दम्याच्या मुलाला मात्र आग्रह करू नये, आणि तोंडात घालायची नळी किंवा पत्ती प्रत्येकाची वेगळी हवी.

आता अवघड भाग. सनई शुभ आहे, पण वाजवणारा? विदर्भातल्या गावात डफडं-सनईवाले मांडवाच्या बाहेर बसत आणि त्यांची पंगत शेवटी होई, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलंय. वाजवणं हे जातीने लादलेलं काम होतं. बाबासाहेबांच्या चळवळीनंतर पुष्कळांनी गावकीची असली कामं सोडली आणि ते योग्यच होतं. म्हणून "आपली परंपरा लोप पावतेय हो" असा गळा काढणाऱ्यांचं मला फारसं पटत नाही. ज्यांच्या जिवावर ती चालली त्यांना कुणी विचारलं होतं?

एका मुलाचे वडील सनई वाजवतात. मी विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, आमचं वाजवणं झालं. याले शिकवा तुम्ही, याच्या हाती सनई नका देऊ." उलट बाजूने दुसऱ्या एका पालकांनी हसत विचारलं, "पोराला वाजंत्री बनवता का?" पहिल्या वडिलांपुढे मी गप्प राहिले, कारण त्यांचं बरोबर आहे. दुसऱ्यांचं हसणं ही खरी अडचण आहे. ते हसतात तोवर पहिल्या मुलाने सनई हातात घ्यावी असं म्हणायचा मला हक्क नाही.

म्हणूनच सगळ्यांना शिकवायचं म्हणते. इंजिनीअरची मुलगी, खाणकामगाराचा मुलगा, सगळे एका रांगेत पत्ती ओली करत बसले तर ते कुणा एकाचं काम राहणार नाही. आर्मेनियातही दुदुक लग्नात आणि मयताला वाजणारं वाद्य. तरी येरेवानच्या संगीत महाविद्यालयात ते शिकवलं जातं, गास्पारियान तिथे प्राध्यापक होते. युनेस्कोने २००८ मध्ये त्याला वारशाच्या यादीत घेतलं. आपल्याकडे बिस्मिल्ला खाँसाहेबांना २००१ मध्ये भारतरत्न मिळालं. काशी विश्वनाथाच्या दारात वाजवणाऱ्या मामांकडे शिकलेला हा मुसलमान मुलगा २६ जानेवारी १९५० ला लाल किल्ल्यावर वाजवायला होता. आपण त्यांचा फोटो भिंतीवर लावतो आणि गावातल्या सनईवाल्याला अरे-तुरे करतो.

वेळ कुठून आणायचा, असं विचाराल. आनंददायी शनिवार आहे, कला-कार्यानुभवच्या तासिका आहेत. स्थानिक कलाकारांना शाळेत शिकवायला बोलवावं असं २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सांगतं. पहिली-दुसरीला फक्त फुंकर आणि ऐकणं पुरे. चौथी-पाचवीत सूर धरणं. चाल वाजवणं माध्यमिकला गेलं तरी बिघडत नाही, कारण लहान ओठांना खरी पत्ती जड जाते.

पैशाचं शाळा व्यवस्थापन समितीत आधी ठरवून घ्या. शिकवायला येणाऱ्यांना मानधन द्यायचं, शाल-नारळावर भागवायचं नाही. फलकावर त्यांचं नाव पूर्ण लिहायचं, पुढे ‘गुरुजी’ लावून. आणि ते आले की जेवण आपल्याबरोबर, पहिल्या पंगतीला.